किनाऱ्यावरची धान्यकोठारं: खंडाचं धान्य थेट समुद्राच्या तोंडाशी का ठेवायचे?

उत्तरवारा (धागाकर्ता)

स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडे, डॉरनॉक फर्थच्या काठावर पोर्टमाहोमॅक नावाचं गाव आहे. फर्थ म्हणजे आपली मोठी खाडीच. गाव पूर्व किनाऱ्यावर असूनही त्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य पाण्यात मावळताना दिसतो आणि गावकऱ्यांना त्याचं भारी कौतुक. मला कौतुक वाटलं ते धक्क्याला लागून असलेल्या दोन लांबलचक दगडी इमारतींचं. आता तिथे लोक राहतात, पण मुळात त्या धान्य ठेवायला बांधलेल्या. इथे त्यांना गर्नल म्हणतात. एक सतराव्या शतकाच्या अखेरची, दुसरी १७७९ ची.

धान्य कुणाचं, तर जमीनदाराचं. कुळांनी खंड म्हणून, म्हणजे जमीन कसण्याच्या भाड्यापोटी घातलेलं. जुनी कोठी जॉर्ज मॅकेन्झीची. हा माणूस तेव्हा व्हायकाउंट टार्बट होता, १७०३ मध्ये क्रोमार्टीचा अर्ल झाला (दोन्ही उमरावी किताब). राजदरबारात मोठं वजन असलेला मुत्सद्दी, पण घरचं उत्पन्न यायचं ते जवात आणि ओटच्या पिठात. या भागात तेव्हा रोकड फारच कमी खेळायची. करारात लिहिलेलं असे की अमुक जमिनीसाठी वर्षाला इतके बोल बार्ली (जव), इतके बोल पीठ. बोल हे धान्याचं माप, त्याचं कोष्टक असं: ४ पेकचा १ फर्लट, ४ फर्लटचा १ बोल, १६ बोलचा १ चाल्डर. पिठाचा एक बोल १४० पौंडांचा, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो. शिवाय वरकड म्हणून कोंबड्या, अंडी, लोणी, एखादं मेंढरू, जाळायला वाळवलेली पीट माती.

आणि हे धान्य कोठीपर्यंत पोचवायची जबाबदारीही कुळाचीच. गाडीरस्ते नव्हते. घोड्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पोती लादून शेतावरून धक्क्यावर आणायचं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. दळायचंही जमीनदाराच्याच गिरणीवर, तिथेही दळणाचा वाटा कापून घेणार.

अशा कोठ्या या किनाऱ्यावर जागोजाग आहेत. क्रोमार्टी फर्थच्या काठावर फाउलिसच्या मन्रो घराण्याची अठराव्या शतकातली कोठी आहे, तिथे आता उपाहारगृह चालतं. सदरलंडमध्ये लिटलफेरीला आहे, केथनेसमध्ये स्टॅक्सिगोला. ऑर्कनी बेटांवर कर्कवॉलच्या बंदरातल्या कोठीत तर शिडाच्या होड्यांचा क्लब आहे. जाता जाता एक गंमत: मन्रोंकडे फाउलिसची जमीन होती ती म्हणे या अटीवर की राजाने मागितला तर भर उन्हाळ्यात बर्फाचा गोळा हजर करायचा. वर डोंगरात एका सावलीच्या घळीत बर्फ वर्षभर टिकायचा, त्यामुळे सौदा फायद्याचाच होता.

मला विचारायचंय ते हे. कोकणात खंड धान्यातच घेतला जायचा. मग आपल्या बंदरांवर अशी खंडाची कोठारं का दिसत नाहीत? की आहेत आणि मला ठाऊक नाहीत?

---

समुद्रफेणी

छान धागा. आधी एक बाळबोध शंका. समुद्रापासून हाताच्या अंतरावर धान्य ठेवायचं म्हणजे बुरशीला आमंत्रण नाही का? आमच्याकडे रेवदंड्याला मिठाच्या बरणीचं झाकण दोन दिवस उघडं राहिलं तर खाली पाणी सुटतं.

---

उत्तरवारा

@समुद्रफेणी, हवा दमट आहेच, पण थंड. तुमच्याकडच्यासारखी ऊब नसते, त्यामुळे कीड आणि बुरशी दोन्ही धिम्या गतीने वाढतात. बांधणीतही विचार आहे. भिंती जाड, खिडक्या लहान आणि लाकडी झडपांच्या, म्हणजे वारा हवा तसा घ्यायचा. धान्य शक्यतो वरच्या मजल्यांवर, फळ्यांच्या जमिनीवर पसरून. कोठीवर नेमलेला माणूस ते लाकडी फावड्याने अधूनमधून वरखाली करी.

पिठाची तऱ्हा वेगळी. ओट दळण्याआधी भट्टीवर चांगले भाजून वाळवतात. मग पीठ पेटीत घालून इतकं दाबायचं की आत हवाच उरू नये. घरगुती पेटीत हे काम पोरांचं: पाय स्वच्छ धुवायचे आणि अनवाणी पिठावर उभं राहून तुडवायचं. नीट तुडवलेलं पीठ वर्ष काढतं. बाहेर काढताना ते ओतून निघत नाही, खरवडून काढावं लागतं.

---

फटकळ

गोऱ्यांच्या गोदामात लोक पडदे लावून राहतात, हॉटेलं काढतात, आणि आपण 'वारसा वारसा' करत फोटो काढतो. आपल्याकडे असतं तर लोकांनी दगड काढून गोठे बांधले असते. बाकी चालू द्या.

---

गुहागरी

@फटकळ, गोठ्याला लागतात तेव्हा दगड न्यावेच. :)

@उत्तरवारा, कोकणात धान्य बंदरावर नव्हतं, खोताच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या वतनदाराच्या घरात होतं. माझं आजोळ खोतांचं. वाडा अजून उभा आहे, माणसं मुंबईला. माजघराला लागून एक अंधारी खोली आहे, तिला कोठीची खोलीच म्हणतात. तिथे भिंतीइतकं लाकडी कोठार आहे. पुढच्या बाजूला दार नाही. उभ्या खांबांना खाच पाडलीय आणि त्या खाचेत आडव्या फळ्या एकावर एक सरकवत जायच्या. भात जसं वर चढेल तशी पुढची फळी. काढताना वरून एकेक फळी कमी. प्रत्येक फळीवर मोडीत आकडा कोरलाय, कारण फळ्यांची अदलाबदल झाली तर फट राहते आणि उंदरांना तेवढं पुरतं. त्याखेरीज बांबूचे कणगे, शेणाने आतून-बाहेरून सारवलेले. भातात निरगुडीचा पाला घालायचे.

सगळं भात म्हणूनच ठेवायचे, तांदूळ करून नाही. टरफल असलं की भात टिकतं. लागेल तसं काढून भरडायचं.

वसुलीचा रिवाज बहुतेक जागी असा: भातजमिनीचा निम्मा वाटा खोताचा, ते अर्धेल. वरकस जमिनीवर नाचणी-वरी पिकते, तिचा तिसरा वाटा, ते तिर्धेल. पीक उभं असतानाच खोताची माणसं येऊन अंदाज बांधून जायची आणि पुढे त्या अंदाजावर घोळ. भात खळ्यावरून खोताच्या अंगणात आणून टाकायचं ते कुळाने, स्वतःच्या डोक्यावरून. तुमच्या त्या घोड्यांसारखंच, फक्त घोडा नाही.

---

हिशेबनीस

इथे एक फरक नीट मांडायला हवा, नाहीतर दोन वेगळ्या गोष्टी एका सुपात पाखडल्या जातील.

उत्तरवारा सांगतायत तो ठरीव खंड आहे: वर्षाला इतके बोल, पिको न पिको. गुहागरी सांगतायत ती वाटणी आहे, पिकेल त्याचा निम्मा. वाटणीत पीक बुडालं तर खोतही थोडा बुडतो. ठरीव खंडात सगळा धोका कुळाच्या बोकांडी.

आता भावाकडे बघा. दुष्काळी वर्षी धान्य महागतं. ठरीव खंड घेणाऱ्या जमीनदाराकडे धान्य तेवढंच येतं आणि भाव दुप्पट असतो. म्हणजे कुळाचं वाईट वर्ष हे जमीनदाराचं चांगलं वर्ष. खंड रोख ठरलेला असता तर उलट झालं असतं, थोडं विकून कूळ मोकळं झालं असतं. म्हणून 'धान्यात खंड होता तेव्हा शेतकरी सुखी होता' हे सरसकट म्हणणाऱ्यांना मी आधी विचारतो, ठरीव की वाटणीचा?

कोकणातही सगळीकडे वाटणीच होती असं नाही. मक्ता ठरवून घेणारे होतेच.

---

उत्तरवारा

@हिशेबनीस, अगदी मोलाचा मुद्दा. यात इथली एक चीज जोडतो. दर फेब्रुवारीत प्रत्येक परगण्याचा शेरीफ, म्हणजे तिथला न्यायाधीश, पंच बसवून, व्यापाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या साक्षी घेऊन मागल्या हंगामाच्या धान्याचा सरकारी भाव ठरवायचा. त्याला 'फायर्स'चे भाव म्हणत. ज्याला धान्य घालणं जमलं नाही त्याने या भावाने पैसे मोजायचे. गावच्या पाद्र्याचा पगारही धान्याच्या मापात लिहिलेला असायचा आणि याच भावाने रोखीत मिळायचा. ही तऱ्हा पाद्र्यांच्या बाबतीत १९२५ च्या कायद्यापर्यंत चालली.

---

समुद्रफेणी

म्हणजे फेब्रुवारीत भाव जास्त लागला की पाद्रीबुवा खूश आणि त्यांच्या प्रवचनाला येणारी माणसं उपाशी. देवाची करणी.

---

फटकळ

मग हिशेबनीसांच्या गणिताने दुष्काळात हे गर्नल भरलेले असणार आणि बाहेर लोक मरत असणार. बरोबर ना? कुणी दारं फोडली की नाही?

---

उत्तरवारा

@फटकळ, तुमचा प्रश्न वर्मावर आहे.

पोर्टमाहोमॅकची जुनी कोठी ज्या दशकातली मानतात, त्याच १६९० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये १६९५ पासून पुढची काही वर्षं पिकं सलग बुडाली. उन्हाळे थंड आणि ओले गेले, ओट पिकायच्या आत हिमवर्षाव. असंख्य लोक भुकेने आणि तापाने मेले, हजारो उत्तर आयर्लंडला निघून गेले. अशा वर्षांत शेकडो बोल धान्य एका छपराखाली कुलपात ठेवणारी इमारत गावाच्या डोळ्यांसमोर उभी राहते, हे त्या भिंतींकडे बघताना डोक्यातून जात नाही. माहितीफलकावर वास्तूची तारीफ असते, हे नसतं.

दंगे पुढे अठराव्या शतकभर होत राहिले. लोक बहुधा कोठी लुटत नसत, जहाज अडवत. धक्क्यावर जमायचं, शिडं उतरवायची, गाड्या परत फिरवायच्या आणि म्हणायचं की धान्य इथेच, रास्त भावाने विका. सगळ्यात मोठा उठाव १८४७ चा. १८४६ मध्ये बटाट्याचं पीक करप्याने गेलं. तोवर गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता, ओट आणि बार्ली विकायला जायची. जानेवारी-फेब्रुवारी १८४७ मध्ये मरे फर्थच्या दोन्ही बाजूंच्या बंदरांत लोकांनी धान्य चढवणं बंद पाडलं. इनव्हरगॉर्डनला सैन्य आलं. विकजवळच्या पल्टनीटाउनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या.

एक मात्र खरं की १८४७ पर्यंत खंड बहुतेक रोखीत आला होता, जहाजात चढत होतं ते मोठ्या शेतकऱ्यांचं आणि व्यापाऱ्यांचं धान्य. धक्के मात्र तेच.

---

रानजाई

वाचतेय. थांबू नका.

---

अलिबागकर

आमच्याकडे दारं फोडली नाहीत, नांगर ठेवले.

चरीचा संप बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो म्हणून लिहितो. अलिबाग तालुक्याची खारेपाटी म्हणजे समुद्राचं पाणी बांध घालून मागे हटवून काढलेली भातजमीन. बांधात उघाडी असते, ओहोटीला आतलं पाणी बाहेर आणि भरतीला झडप बंद. उधाणाने बांधाला खांड पडली की रात्री-बेरात्री पेंढा आणि चिखल घेऊन धावायचं कुळाने. खारं पाणी शिरलं तर ती जमीन पुढची काही वर्षं हातची जाते. इतकं करून पिकलेलं भात निम्म्याहून अधिक खोत-सावकाराच्या अंगणात. वर वेठ, वर आंबा-फणसातला वाटा.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा झाली. पुढारी नारायण नागू पाटील. ठरलं असं की खोतांची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं त्यात उतरली आणि संप सहा वर्षं चालला. जमिनी पडीक. लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, मजुरीला दूर गेले. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला येऊन गेले. शेवटी मुंबई इलाख्याचे महसूलमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात कुळांना संरक्षण मिळालं आणि १९३९ चा कूळकायदा आला.

हिशेबनीसांनी भावाचं सांगितलं त्याला हाही पदर आहे. १९३० नंतर जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले होते. खोताचा सरकारी धारा मात्र रोखीतच भरायचा. त्याची तूट निघणार कुणाकडून?

माझी पणजी सांगायची, संपाच्या वर्षांत खोताचं कोठार रिकामं बघायला बाया मुद्दाम त्या वाटेने जायच्या.

---

गुहागरी

@अलिबागकर, पणजीचं वाक्य भारी आहे. आम्ही पलीकडच्या बाजूचे. आजोळी याच काळाबद्दल बोलताना 'कुळं फिरली' म्हणायचे.

पूर्तीसाठी: खोती मोडायचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई विधानसभेत मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत गेला. विधेयक तेव्हा बारगळलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, अंमल १९५० पासून. त्यानंतर आमच्या कोठाराच्या फळ्या शेवटपर्यंत कधी चढल्या नाहीत.

---

बखरबहाद्दर

मूळ प्रश्नाला एक जुनं उत्तर आहे. खोत नव्हे, सरकार कोठी चालवतं तेव्हा काय होतं?

५ सप्टेंबर १६७६ चं शिवाजी महाराजांचं पत्र आहे, प्रभावळी मामल्याचा सुभेदार रामाजी अनंत याला. प्रभावळी म्हणजे विशाळगडाखालचा, रत्नागिरीच्या दक्षिणेकडचा मुलूख. भाजीच्या देठाचा उल्लेख असलेलं तेच हे पत्र, सगळे तेवढंच वाक्य सांगतात. पत्राचा निम्मा भाग महसुलाचा आहे. आशय असा: रयतेकडून ऐनजिनसी, म्हणजे पिकाच्याच रूपात वसूल घ्या, रोख मागून तिला अडचणीत आणू नका. जमलेला माल नासू देऊ नका, साठवा, आणि भाव चांगला येईल तेव्हा विका. नारळ, सुपारी, मिरी अशा जिनसांची नावंही आहेत. ज्याच्याकडे माणसं आहेत पण बैल-बियाणं नाही त्याला ते देऊन उभं करा, हेही त्यातच.

म्हणजे साठवून महागाईत विकायची कला फक्त स्कॉटिश अर्लांची नव्हे. किल्ल्यांवरचे अंबारखाने बघा. पन्हाळ्यावरची गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारं तर गर्नलांचे आजोबा शोभतील.

---

फटकळ

व्वा, म्हणजे आपणही साठेबाज.

---

बखरबहाद्दर

@फटकळ, फरक आहे. अंबारखान्यातलं धान्य वेढ्यात शिबंदीने खायचं होतं. आणि त्याच पत्रात बियाणं द्यायचा हुकूम आहे. अर्लच्या करारात बियाणं कुठे आहे?

---

हिशेबनीस

बियाणं दिलं तर वसुली वाढते, हे महाराजांना कळत होतं म्हणूनच ते पत्र चांगलं आहे. ते दान म्हणून वाचू नका, हिशेब म्हणून वाचा. मग त्याची किंमत आणखी वाढते.

---

समुद्रफेणी

मला उत्तरवारांच्या प्रश्नाचं एक उत्तर सुचतंय. पटतं का सांगा.

समुद्राचं पंचांग बघा. आपल्याकडे ज्येष्ठात समुद्र बंद होतो आणि नारळी पौर्णिमेला उघडतो. भात कापतात आश्विन-कार्तिकात, झोडणी संपेस्तोवर मार्गशीर्ष. तेव्हा समुद्र शांत, मचवे आणि पडाव चालू, पुढे वैशाखापर्यंत मोकळा रस्ता. म्हणजे विकायचं धान्य खळ्यावरून खाडीतल्या होडीत आणि तिथून मुंबईला थेट जाऊ शकतं. धक्क्यावर महिनोन्‌महिने थांबायची गरजच नाही.

स्कॉटलंडमध्ये उलटं. कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि लगेच हिवाळी वादळं. झोडणी हिवाळाभर चालणार, कुळं थोडं थोडं आणून घालणार आणि जहाज येणार वसंतात. तेवढे सगळे महिने धान्य कुठेतरी धक्क्यापाशी तयार ठेवावंच लागणार, कारण जहाज आल्यावर चार दिवसांत भरलं नाही तर ते निघून जाईल. म्हणून तिथे दगडी कोठी आणि आपल्याकडे फक्त धक्का.

---

उत्तरवारा

@समुद्रफेणी, इतक्या पाट्या वाचूनही मला हे सुचलं नव्हतं! गणित जुळतं. इथे पोती उतरवून घेणं, माप करणं, पावती देणं हे सगळं हिवाळ्यात चालायचं आणि लीथला, म्हणजे एडिंबराच्या बंदराला, किंवा कधी नॉर्वेला जाणारी गलबतं हवा निवळल्यावर. एकाच मालकाची शंभर कुळं शंभर दिशांनी येणार आणि जहाज एकच. तो मधला वेळ म्हणजे ही इमारत.

---

गुहागरी

निम्मं पटलं. :)

एक तर रत्नागिरीकडे विकायला धान्य उरायचंच कुठे? हा जिल्हा कायम धान्य आणणारा. बाहेर गेली ती माणसं, गिरण्यांत आणि पलटणीत. धान्य बाहेर जायचं ते कुलाब्याच्या (आजच्या रायगडच्या) आणि ठाण्याच्या खारेपाटीतून. तेव्हा तुमचं गणित अलिबागला लावा, गुहागरला नको.

दुसरं, खोत मार्गशीर्षात विकतच नव्हता. तेव्हा भाव पडलेले. तो थांबायचा आषाढ-श्रावणापर्यंत. समुद्र बंद, वाटा बंद, कुळाचा कणगा तळाला गेलेला. तेव्हा त्याच कुळाला तेच भात वाढीदिढीने उसनं द्यायचं, सुगीत एका मणाचा दीड मण घ्यायचा. त्याला गिऱ्हाईक शोधायला मुंबईला जायची गरजच नव्हती, गिऱ्हाईक अंगणात उभं असायचं. म्हणून कोठार घरात. समुद्राइतकंच हेही कारण आहे.

---

समुद्रफेणी

@गुहागरी, मग मिळून एक उत्तर झालं की. तिथे धान्य परक्याला विकायचं म्हणून कोठी धक्क्यावर, इथे पिकवणाऱ्यालाच परत विकायचं म्हणून माजघरात.

---

अलिबागकर

हे उत्तर कुणीतरी आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात छापा.

---

हिशेबनीस

आता मापाकडे या, खरी चोरी तिथे असते. पायली जागोजाग वेगळी. त्यात सपाट मापायची की शीग लावून? शिगेत पायलीमागे सहज मूठ-दीडमूठ जातं. खंडीला किती होतं ते ज्याने त्याने करून बघावं. घ्यायचं माप आणि द्यायचं माप वेगळं ठेवल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. स्कॉटलंडात काय होतं?

---

उत्तरवारा

@हिशेबनीस, हाच रोग. प्रमाण फर्लट लिनलिथगो शहराच्या ताब्यात, पण गव्हाचा फर्लट वेगळा आणि जवाचा त्याहून बराच मोठा. त्यात गावठी मापं आणखी निराळी. काठोकाठ भरून वरून लाकडी दांडा फिरवायचा की रास ठेवायची, यावर तंटे.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण ऑर्कनीचं. तिथे वजनं नॉर्वेजियन काळापासूनची, पंडलर नावाच्या मोठ्या काट्यावर माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि जव तोलायचे. बेटं १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी स्कॉटलंडकडे गहाण ठेवली आणि पुढे अर्ल लोक वसुली करू लागले. तिथल्या जमीनधारकांचं म्हणणं असं की खंडाचा आकडा तोच राहिला, पण वजन पिढ्यान्‌पिढ्या चोरून वाढवत नेलं. १७३३ मध्ये त्यांनी अर्ल ऑफ मॉर्टनवर दावा लावला. दावा १७५९ पर्यंत रखडला आणि ते हरले. १७६६ मध्ये मॉर्टनने सगळी जहागीर लॉरेन्स डंडासला विकून टाकली. कर्कवॉलच्या ज्या कोठीत आज होड्यांची मंडळी चहा पितात, तिथेच हा माल जमा व्हायचा.

---

फटकळ

सव्वीस वर्षं कोर्टात आणि हरले. हे मात्र अगदी घरच्यासारखं वाटलं.

---

गुहागरी

मापावरून आठवलं. आजोळच्या कोठीच्या खोलीत दोन पायल्या आहेत, दोन्ही लाकडी, काठाला लोखंडी पट्टी. मामा म्हणतात एक 'जुनी' आणि एक 'नवी'. गणपतीत गेलो की दोन्हीत तांदूळ भरून वजन करतो आणि इथे टाकतो. आकडे वेगळे आले तर मामांना धाग्याची लिंक देणार नाही.

शिवाय कोठाराच्या वर फळीवर मोडीतल्या वह्या आहेत. कुणाला मोडी येत असेल तर सांगा.

---

बखरबहाद्दर

@गुहागरी, मला येते. पानांचे फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, वही पूर्ण उघडू नका, बांधणी तुटेल. आधी पहिलं पान आणि कुठल्याही एका कुळाच्या खात्याचं पान पाठवा. नावं मात्र इथे टाकू नका. ती घरं अजून त्याच गावात असतील.

---

हिशेबनीस

आणि खात्यात जमा 'जुन्या'त लिहिलीय की 'नव्या'त, ते आधी बघा.